पंगतीबाहेरचे कपाट

साइडबोर्ड म्हणजे जेवणाच्या टेबलाजवळ भिंतीला लावून ठेवायचे, साधारण कमरेइतक्या उंचीचे आडवे कपाट. त्याच्या खणांत काटे-चमचे, बाजूच्या कप्प्यांत चिनी मातीची भांडी आणि माथ्यावरच्या फळीवर वाढायचे पदार्थ ठेवले जातात. मराठी घराला अशा वस्तूची मुळात गरज नव्हती, कारण पंगत पाटांवर बसे, वाढपी पातेले घेऊन पानांवरून फिरे आणि भांडी मांडणीवर किंवा फडताळात, म्हणजे जाड भिंतीतल्या कोनाड्याला दारे लावून केलेल्या कपाटात, राहत. फडताळ हे फर्निचर नव्हेच, तो भिंतीचा अवयव. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनानगर परिसरात कोसळल्या तशा दगडमातीच्या भिंती पडल्या, की फडताळही त्यांच्याबरोबरच जाते.

साइडबोर्ड मात्र उचलून नेता येतो, आणि म्हणूनच तो मुंबईतल्या फ्लॅटला मानवला. १९३० च्या दशकात बॅकबेच्या भरणीवर, ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आणि मरीन ड्राइव्हवर ज्या इमारती उठल्या, त्यांच्या गोलसर कोपऱ्यांची आणि आडव्या रेषांची नक्कल आतल्या फर्निचरनेही केली. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने नोव्हेंबर १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये भरवलेल्या ‘आयडियल होम’ प्रदर्शनाने तर असे घर कसे सजवावे, हेच मध्यमवर्गाला दाखवले. या शैलीला आज आपण आर्ट डेको म्हणतो. ते नाव १९२५ च्या पॅरिसमधील प्रदर्शनावरून आले असले, तरी रुळले १९६० च्या दशकात, त्यामुळे ज्या सुतारांनी हे साइडबोर्ड घडवले त्यांच्या कानी ते बहुधा पडलेही नसावे.

युरोपात अशा कपाटांवर व्हिनिअर, म्हणजे मौल्यवान लाकडाचा पातळ पापुद्रा, सरसाने चिकटवत; पण ओलीने सरस सुटतो, आणि मुंबईचा पावसाळा पाहता भरीव सागवान हाच शहाणपणाचा मार्ग होता. जुना साइडबोर्ड पारखायचा तर पॉलिशला भुलू नये, कारण स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे चार हात कालच्या लाकडालाही वय देतात. खण पूर्ण बाहेर काढून त्याचा कोपरा पाहावा. तिथे पंख्यासारखे पसरट दाते एकमेकांत अडकवलेले असतील आणि ते किंचित असमान असतील, तर ते हाताचे काम समजावे. नुसते खिळे दिसले, तर चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर सांगितलेली किंमत निम्म्यावर आणायला हरकत नाही.

गंमत अशी, की मराठी घरात साइडबोर्ड आला तरी वाढणे त्यावरून झालेच नाही: गरम पोळी स्वयंपाकघरातून थेट पानातच येत राहिली, आणि माथ्यावरची फळी चषक, तसबिरी नि रेडिओने भरून गेली.