दर्डांचा पेपर

अर्धापूरच्या बसस्टँडवर पेपर वाचणाऱ्याला संपादकाचं नाव विचारा, सांगता येणार नाही. पण पेपर कुणाचा, हे तो चटकन सांगेल. ‘लोकमत’ म्हणजे दर्डांचा, आणि दर्डा म्हणजे काँग्रेस. हे गणित मराठवाड्यात कधी लपलेलं नव्हतं.

जवाहरलाल दर्डा मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावचे. स्वातंत्र्यलढ्यात जबलपूरच्या तुरुंगात राहिलेले. लोकनायक बापूजी अणे यांच्या जुन्या पत्राचं नाव घेऊन त्यांनी यवतमाळात साप्ताहिक काढलं. १५ डिसेंबर १९७१ला नागपुरातून दैनिक सुरू झालं, आणि पुढच्याच वर्षी मालक विधान परिषदेत गेले. मग मंत्रिपदं आली. सकाळी पेपरचा मालक, दुपारी सरकारचा मंत्री. एकाच घरात दोन्ही.

९ जानेवारी १९८२ला औरंगाबाद आवृत्ती निघाली, तेव्हा इथे अनंतराव भालेरावांचा ‘मराठवाडा’ होता. हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेला तो पेपर, त्याची ताकद अग्रलेखात. ‘लोकमत’ने वेगळा डाव टाकला. पाण्याची टाकी, बाजार समिती, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळं छापलं. तालुक्याचा वार्ताहर बातमीही देतो आणि कमिशनवर वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरातही आणतो. ही व्यवस्था एकट्या ‘लोकमत’ची नाही, पण बातमी आणि जाहिरात यांतली भिंत आपल्याकडे पातळ का, याचं निम्मं उत्तर त्या कमिशनमध्ये आहे, असं मला वाटतं.

जवाहरलाल दर्डांचे पुत्र राजेंद्र १९९९ला औरंगाबादेतून विधानसभेवर निवडून गेले. २००९ला मुख्यमंत्री अशोक चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते उद्योगमंत्री झाले. चव्हाण त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत भोकरमधून उभे होते, आणि अर्धापूर भोकर मतदारसंघात येतं. ‘अशोक पर्व’ नावाखाली ‘लोकमत’सह तीन मोठ्या दैनिकांत तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा मजकूर आला. त्यातला काही अक्षरशः एकसारखा होता, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवलं. चव्हाणांनी निवडणूक खर्चात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींसाठी दाखवले होते ५,३७९ रुपये.

पैसे दिल्याचा आरोप चव्हाणांनी नाकारला. पराभूत उमेदवार माधव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले. खर्चाचा हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असं मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आयोगाचा निर्णय चव्हाणांच्या विरोधात गेला, पण त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

मालकाचा पक्ष वाचकाला ठाऊक असला, तर तो बातमी तोलून घेतो. भालेरावांच्या पेपरलाही बाजू होतीच. पण तीन वेगळ्या मालकांच्या पेपरांत एकच मजकूर आला, तर अर्धापूरच्या वाचकाने तो कशाशी ताडून पाहायचा?

ऑक्टोबर २०१४मध्ये राजेंद्र दर्डा औरंगाबाद पूर्वमधून हरले. निकालाची बातमी ‘लोकमत’नेही छापली.