मेलेल्या उंदरांचा माग

घराघरांत उंदीर पडायला लागले, की प्लेगच्या दिवसांत गाव उठायचं. दाराला कुलूप, बैलगाडीत भांडीकुंडी आणि माळावर तट्ट्याच्या झोपड्या. काखेत किंवा जांघेत गाठ आलेला पहिला माणूस दिसायच्या आत बाहेर पडलेलं बरं, हे लोक अनुभवानं शिकले होते. नाशिकजवळच्या भगूरला १८९९ साली विनायक सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगनं गेले. मुलं नाशिकला आली, तर तिथं धाकटा बाळ आणि थोरले बाबाराव दोघांनाही प्लेगनं गाठलं. दोघे त्यातून उठले.

सरकारचं लक्ष मात्र उंदरांवर नव्हतं, माणसांवर होतं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी, घरझडत्या, सक्तीचं विलगीकरण सुरू झालं. २२ जूनला पुण्यात, प्लेगच्या बंदोबस्ताचा प्रमुख असलेल्या रँड या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जुलमाचा तोटा रोगनियंत्रणालाच झाला: धास्तावलेली माणसं घरातला आजारी लपवू लागली, आणि लपवलेल्या रोग्याचा माग लागणार कसा?

प्लेग पसरतो कसा, याचा उलगडा मुंबईत परळला होत गेला. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानात आली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

१९०५ पासून प्लेग आयोगाचं काम इथं चाललं. मुंबईभरातून मेलेले उंदीर येत, आणि कुठला उंदीर कुठल्या जागी सापडला याची नोंद ठेवली जाई. लाखाच्या वर उंदीर असे तपासले गेले. आवारात छोटी घरं बांधून त्यांत प्लेगच्या पिसवा सोडल्या. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगला प्लेग झाला. दोन फुटांवरचा धडधाकट राहिला. पिसवेची उडी तेवढी पोचत नव्हती! उंदीर मेला, की त्याच्या गार पडलेल्या अंगावरून पिसवा उतरतात आणि दुसरं रक्त शोधतात. रिकाम्या घरात उंदीर मेले तरी चावायला माणूस नसे, म्हणून माळावरच्या झोपड्यांनी जीव वाचवले.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला. ही तक्रार गावकऱ्यांनी केली होती. प्लेगचे संशयित रुग्ण त्यानंतर नोंदले गेले.