प्यादे एकच घर चालले तर?

बुद्धिबळाचा नवा प्रकार सुचवणे सोपे. तो जुन्यापेक्षा सरस आहे, हे ठरवायचे कशावरून? आपल्याकडच्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, आणि कॅसलिंगऐवजी राजाला एकदाच घोड्याची चाल मिळे. 2020 मध्ये तोमाशेव, पाके, हसाबिस व माजी जगज्जेता क्रामनिक यांनी नऊ पर्यायी नियम तपासले. गंमत म्हणजे त्यांत 'प्यादे एकच घर' हाही होता!

माणसांना खेळायला बसवले असते, तर नवखेपणाने चुका वाढल्या असत्या, डाव जास्त निकाली झाले असते आणि श्रेय फुकट नियमाला गेले असते. म्हणून अल्फाझीरो ही संगणकप्रणाली प्रत्येक नियम कोऱ्या पाटीवर, स्वतःशीच खेळून शिकली. मग पाहिले ते असे: पांढऱ्याला पहिल्या चालीचा लाभ किती, बरोबरी किती, सुरुवातीच्या वाटा किती, मोहऱ्यांचे मोल बदलते का.

उमरग्याच्या एखाद्या शाळेतही हे करून पाहता येईल. जोडी तीच, रंग आलटूनपालटून, निम्मे डाव देशी नियमाने. मात्र दहा निकाली डावांत पांढरा सहा जिंकला, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. नाणे दहादा उडवले, तरी सहा किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता सुमारे 38 टक्के असते.