गाणे उचलले, जात गाळली!

सिनेमा म्हणजे निव्वळ करमणूक, त्यात जात कशाला आणता, असा उपदेश आपल्याला नेहमी केला जातो. परंतु सिनेमातून जात किती सफाईने काढून टाकली जाते, हे पाहायचे असेल तर ‘सैराट’ आणि ‘धडक’ हे दोन चित्रपट घरातल्या सर्वांनी एकापाठोपाठ पाहावेत.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी त्यात आपलाच मुलूख उभा केला. आर्ची राजकारणी पाटलाची मुलगी, तर परश्या मासेमारीवर जगणाऱ्या, खालच्या मानलेल्या जातीतला. पाटलाचा मुलगा भर वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो, तेव्हा गावात सत्ता कोणाची हे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटी हैदराबादेत संसार थाटलेल्या या जोडप्याला मुलीचेच नातलग ठार करतात. मागे उरते रक्ताने पाय माखलेले लहान मूल.

या चित्रपटाने मुले बिघडतील, अशी ओरड झाली. वास्तविक घर सोडल्यावरची झोपडपट्टी, डोशाची गाडी, कारखान्यातली मजुरी हे सारे त्यात आहे. पळून जाणे सोपे आहे, असे तो कुठेही सांगत नाही.

२० जुलै २०१८ रोजी त्याचा हिंदी अवतार ‘धडक’ आला. कथा उदयपूरला गेली. मुलगी राजघराण्यातली, मुलगा हॉटेलवाल्याचा. जात ओझरत्या उल्लेखापुरती उरली आणि भांडण झाले श्रीमंती व प्रतिष्ठेचे. ‘झिंगाट’ मात्र हिंदी शब्दांत जसेच्या तसे आले!

यात बिघडले काय? बिघडले ते असे, की जात गाळली की खून म्हणजे एका रागीट बापाचा अविचार ठरतो आणि त्यामागची व्यवस्था नामानिराळी राहते. आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’ ग्रंथात मांडले. ज्यांना जात टिकवायची आहे, तेही हे पुरते ओळखून आहेत. एप्रिल २०१४ मध्ये नगर जिल्ह्यातील खर्डा येथे वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला ठार मारण्यात आले. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाचा जीव कशामुळे गेला, हे ‘धडक’ पाहून कोणाला कळेल?

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘धडक २’ने, मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ या तमिळ चित्रपटाच्या आधारे, जात पुन्हा कथेच्या मध्यभागी आणली. म्हणजे हिंदीतही ते करता येते.

तेव्हा माता-पित्यांनो, मुलांना सिनेमा पाहू द्या, नाचूही द्या. मात्र पडदा मिटल्यावर त्यांना विचारा: नायकाचे आडनाव काय होते? त्याचे घर गावाच्या कोणत्या टोकाला होते? मार कोणी खाल्ला आणि कशासाठी? उत्तर सापडले नाही, तर ते का सापडले नाही यावर जेवताना घरात बोलणे होऊ द्या.