लहरींचा लिलाव आणि खेड्यातल्या गिऱ्हाइकाचा फोन

मोबाईलचा आवाज ज्या लहरींवरून जातो त्यांना सरकारी भाषेत स्पेक्ट्रम म्हणतात. या लहरींचा लिलाव झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एकच आकडा ठळक टाईपात येतो, तो म्हणजे सरकारला किती मिळाले. २०१० साली थ्री-जीच्या लिलावात ६७,७१९ कोटी, २०१५ साली जवळजवळ १ लाख १० हजार कोटी, २०२२ साली १ लाख ५० हजार १७३ कोटी. आम्ही बाजारात बसणारी माणसे. विकणाऱ्याच्या गल्ल्यात किती पडले एवढ्यावरून सौदा चांगला की वाईट हे आम्ही ठरवत नाही. माल शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचला का, हेही विचारतो.

हा प्रश्न आपल्या धंद्याचाच आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचा कपडा शेवटी खेड्यातल्या दुकानात आणि आठवडे बाजारातच खपतो. तिथला दुकानदार आज लुंगीचे, साडीचे फोटो फोनवर मागवतो, पसंती फोनवर कळवतो, उधारीचा हप्ता फोनवरून फेडतो. २०१८ पासून ई-वे बिल आले, बँकेचा आणि जीएसटीचा ओटीपी आला. गावात फोन लागत नसेल तर तो दुकानदार आमच्या लेखी बाजाराबाहेर गेला. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या किंवा मेळघाटातल्या गिऱ्हाइकाला उधारी देताना आमच्यातला प्रत्येकजण दोनदा विचार करतो. त्याची नियत खोटी असते म्हणून नव्हे, तर तो भेटतच नाही म्हणून.

फोन दूरवर पोचल्याने काय होते याचा पक्का हिशेब केरळच्या किनाऱ्यावर झालेला आहे. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळात मोबाईल आले तेव्हा तारली पकडणारे मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांचे भाव विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने ते सारे मोजले आणि २००७ साली छापले. मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली, आणि फेकून द्यावा लागणारा माल जवळजवळ उरला नाही. विकणारा आणि घेणारा दोघांचाही फायदा, असे बाजारात क्वचितच घडते.

मग लिलावात गाव कुठे अडते? पहिली गोष्ट लहरींची जात. कपड्याला जसा पन्हा असतो तसेच हे समजावे. मोठ्या पन्ह्याच्या कपड्यात कमी मीटरमध्ये काम भागते. ७०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात, म्हणून कमी टॉवरमध्ये बरीच गावे झाकली जातात. वरच्या लहरी पुष्कळ माहिती वाहून नेतात पण लवकर थकतात. त्या शहरातल्या गर्दीसाठी ठीक. खेड्याला पाहिजे तो खालचा माल.

आता त्याच मालाचे काय झाले ते पाहा. २०१६ साली सरकारने ७०० मेगाहर्ट्झची किमान बोली ठेवली दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये. एकाही कंपनीने हात वर केला नाही. २०२१ साली भाव ६,५६८ कोटींवर आणला, तरी गिऱ्हाईक नाही. २०२२ साली तो ३,९२७ कोटींवर आला तेव्हा कुठे एका कंपनीने, जिओने, देशभरासाठी १० मेगाहर्ट्झ घेतले. म्हणजे जो माल खेड्याच्या सर्वांत कामाचा, तो भावापायी जवळजवळ सहा वर्षे गोदामात पडून राहिला. कपडा पडून राहिला तर निदान नंतर सवलतीत तरी निघतो. लहरीचे तसे नाही, आज वापरली नाही तर आजची गेली.

अर्थशास्त्री सांगतात की लिलावात भरलेला पैसा बुडीत खर्च आहे, त्याचा पुढच्या धंद्यावर परिणाम होऊ नये. किताबी हिशेबाने बरोबर असेल. पण पगडी कर्ज काढून भरलेली असली की दुकानदार काय करतो हे आम्ही पाहिलेले आहे. तो आधी जास्त नफ्याचा माल आणि गर्दीचा रस्ता धरतो. हप्ता महिन्याच्या महिन्याला उभा असतो. १९९५ साली सर्कलचे परवाने बोलीने गेले, कंपन्यांनी भरमसाठ रकमा कबूल केल्या आणि त्या भरता येईनात. १९९९ च्या धोरणात ठरीव फी काढून उत्पन्नात हिस्सा घेण्याची पद्धत आणली. आपल्याकडे भागीच्या धंद्याची जी रीत आहे तिच्या जवळ जाणारी ही गोष्ट. त्यानंतर मोबाईल झपाट्याने पसरला. त्याला इतरही कारणे होती, पण ठरीव फीचे ओझे उतरणे हे त्यातले मोठे.

दुसरी गोष्ट अटींची. लहरी गावनिहाय विकल्या जात नाहीत, सर्कलनिहाय जातात. मुंबई वेगळी, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह एक सर्कल. पुण्यासाठी ज्याने ताग्याचा ताग उचलला, त्याच्याच कपाटात गडचिरोलीचा तुकडाही पडून राहतो, आणि दुसऱ्या कोणाला तो वापरता येत नाही. २०१० च्या थ्री-जी परवान्यात अट काय होती? पाच वर्षांत निम्मी जिल्हा मुख्यालये झाकायची, आणि त्यात ग्रामीण म्हणवणाऱ्या भागाचा वाटा फक्त १५ टक्के. जिल्ह्याचे गाव झाकले की अट पुरी!

लिलावच नको, असे आमचे म्हणणे नाही. २००८ साली २००१ च्या जुन्या भावाने परवाने वाटले गेले, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यातले आरोपी २०१७ साली सुटले, पण ओळखीपाळखीने वाटप करण्याच्या रीतीला कोणी बरी म्हटलेली नाही. बोली लावून विकणे आपल्या दीनमध्येही जायज आहे. हदीसच्या किताबांत हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आहे की एका गरजू अन्सारी माणसाची चादर आणि प्याला खुद्द प्रेषितांनी (स.) बोलीने दोन दिरहमांना विकून दिला. एका दिरहमाचे घरच्यांसाठी अन्न घ्यायला सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड, लाकडे तोडून कमवायला. बोलीच्या पैशातून कमाईचे हत्यार आले, हा मुद्दा आमच्या ध्यानात राहिला आहे.

जर्मनीत २०१० साली ८०० मेगाहर्ट्झचा लिलाव झाला तेव्हा अट उलटी घातली होती. आधी पाच हजारांहून कमी वस्तीची गावे, मग त्याहून मोठी, आणि शहरे सर्वांत शेवटी. तरीही त्या वर्षीच्या लिलावात एकूण सुमारे ४ अब्ज ३८ कोटी युरो आले. बोली लावणारे पळून गेले नाहीत.

आपल्याकडे गावांसाठी वेगळा निधी आहे. २००२ पासून कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के कापून तो भरला जातो. २०२३ च्या कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. जमा झालेले सगळे या निधीत वळते होत नाही, असा ठपका महालेखापालांनी ठेवलेला आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांत फोर-जी नेण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलला दिले. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या मागास जिल्ह्यांतील ७,२८७ गावांसाठी ६,४६६ कोटी मंजूर झाले, त्यात महाराष्ट्रही आहे. म्हणजे आधी लहरी महाग विकायच्या आणि जी गावे सुटली त्यांच्यासाठी पुन्हा हजारो कोटी काढायचे. एकाच थानाला दोनदा दलाली!

तोवर आपल्या हातातले एवढे आहे. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना कुठे नेटवर्क आहे त्याचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर टाकणे भाग पाडले आहे. नव्या गावात उधारी खाते उघडताना त्या गावाचे नाव नकाशात पाहावे. नकाशात गाव रंगवलेले आणि प्रत्यक्षात फोन लागत नाही, असे आढळले तर तिथल्या दुकानदाराला कंपनीकडे तक्रार नोंदवायला लावावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवायला सांगावा. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. तोंडी तक्रारीचा उपयोग नाही, क्रमांक आणि तारीख पाहिजे.