शेवाळाला जेवू कोण घालते?

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आली की पहिले दोन महिने कौतुकात जातात. केशरी-पांढरे क्लाउनफिश पाहायला शेजारची मुले येतात, मगरिबच्या नमाजहून परतलेले दादा खुर्ची ओढून टाकीसमोर बसतात. तिसऱ्या महिन्यात दगडांवर हिरवे केस उगवतात, काच धुरकट होते आणि मग घरातला प्रत्येकजण हकीम होतो. एकाला औषध टाकायचे असते, दुसऱ्याला सगळे पाणी बदलायचे असते, तिसरा टाकीच विकायला निघतो.

आमचे म्हणणे असे, की बाटलीला हात लावण्यापूर्वी या शेवाळाला जेवू कोण घालते ते शोधावे. त्याचे बीज कुठल्याही टाकीत असतेच. ते माजते, तेव्हा नायट्रेट आणि फॉस्फेट ही दोन खते त्याला कुणीतरी पुरवत असते. बहुतेक वेळा ते आपणच असतो.

आधी ओळख पटवून घ्यावी. नव्या टाकीत वाळूवर तपकिरी भुकटीसारखा थर बसतो, तो डायटमचा. पाण्यातले सिलिकेट संपले की तो आपोआप जातो. त्याच्यासाठी झोप उडवून घेऊ नये. लालसर-जांभळा, सायीसारखा सोलून निघणारा थर खरे तर शेवाळ नव्हेच. तो सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक जिवाणू. पाणी जिथे साचून राहते तिथे तो पसरतो. लांब हिरवे केस मात्र अस्सल शेवाळ, आणि खरी झुंज त्याच्याशीच.

आता खत येते कुठून? पहिली वाट नळाची. टाकीतले पाणी रोज उडते, मीठ मात्र उडत नाही. म्हणून कमी झालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालावे लागते. दोनशे लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर उडाले असे धरले, तर महिन्याला ६० लिटर होतात. ते नळाचे असेल तर त्यात विरघळलेले सगळे टाकीत राहते आणि महिन्यामागून महिना साचत जाते. त्यासाठी आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनची नळी हवी. टीडीएस मीटर शून्य दाखवेल तेच पाणी टाकीचे. स्वयंपाकघरातले पिण्याचे आरओ इथे पुरत नाही, कारण पुष्कळ यंत्रांत चवीसाठी थोडे साधे पाणी परत मिसळलेले असते. आरओमधून एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडते, ते मोरीत सोडू नये. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, असे आपण मुलांना शिकवतो. मग ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, संडास धुवायला वापरावे.

दुसरी वाट आपल्या मायेची. मासा काचेजवळ आला की तो भुकेला आहे असे मुलांना वाटते. अम्मी सकाळी चिमूटभर टाकते, शाळेतून आल्यावर मुलगी टाकते, रात्री अब्बू टाकतात, आणि कुणी कुणाला विचारत नाही. रमजानमध्ये तर सहरीलाही घर जागे असते. दिवे लागतात, माशांनाही ‘सहरी’ मिळते आणि टाकीचा दिवा पहाटे चारपासून तरावीहनंतरपर्यंत जळत राहतो. ईदच्या सुमारास अनेक टाक्या हिरव्या दिसतात, त्याचे गूढ एवढेच. खाणे घालणारा घरात एकच असावा. दोन मिनिटांत फस्त होईल इतकेच घालावे. गोठवलेले खाणे असेल तर ते वितळवून गाळणीत धरावे आणि सुटलेले पाणी फेकून द्यावे. त्या पाण्यात फॉस्फेट असते. (गाळणी वेगळी ठेवा, चहाची नको!) टाकीचा दिवा टायमरवर आठ तास. खिडकीचे ऊन टाकीवर येत असेल तर पडदा ओढावा.

येणे आटले तरी साचलेले बाहेर काढावे लागते. केस हाताने उपटायचे आणि त्याच वेळी नळीने पाण्याबरोबर ओढून घ्यायचे. तुकडे टाकीत सोडले तर ते दुसरीकडे रुजतात किंवा कुजून परत खत होतात. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे, स्किमरचा पेला वेळेवर धुवायचा. ज्यांच्या टाकीखाली दुसरी छोटी टाकी, म्हणजे सम्प, आहे त्यांनी तिथे केटोमॉर्फा नावाचे हिरव्या तारांच्या गुंत्यासारखे शेवाळ ठेवावे. त्यावर रात्री दिवा लावायचा. वरच्या शेवाळाचा घास ते खाते, आणि महिन्याकाठी मूठभर काढून टाकले की खतही घराबाहेर जाते. शेवाळावर शेवाळाचाच उतारा, हा आम्हाला सगळ्यात आवडलेला उपाय.

चरणारे जीव किती महत्त्वाचे, हे समुद्रानेच दाखवले आहे. १९८३ साली पनामाजवळून कॅरिबियन समुद्रात एक रोग पसरला आणि लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे बेसुमार मासेमारीने आधीच कमी झाले होते. आता राखणदारच उरला नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पन्नास टक्क्यांहून जास्त असलेले प्रवाळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्याही खाली आले, आणि शेवाळ चार टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले. घरच्या टाकीत हे काम टर्बो आणि ट्रोकस गोगलगायी करतात. पण दुकानदार सांगतो तितक्या आणू नयेत. शेवाळ संपले की त्या उपाशी मरतात. एक तोंड घरात आणले की ती अमानत झाली. शेवाळ नसेल तेव्हा त्यांना नोरीचा तुकडा दगडाला रबराने बांधून द्यावा.

प्रवाळाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कोकणातली आपली कितीतरी माणसे आखातात आहेत आणि तिकडच्या दिवाणखान्यांत प्रवाळाच्या टाक्या दिसतात. भारतात मात्र समुद्रातले दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे, दुकानात कितीही सहज मिळो. इथे सिरॅमिकचे दगड आणि मासे एवढ्यावर भागवावे. शेवाळाचा हिशोब दोन्हीकडे सारखाच आहे.

लाल थरावर हमखास म्हणून विकली जाणारी पूड पुष्कळदा एरिथ्रोमायसिन असते, म्हणजे आपण घशासाठी घेतो तेच अँटिबायोटिक. ते दगडांवरच्या उपयोगी जिवाणूंनाही मारू शकते, आणि माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवण्याचे काम तेच करत असतात. शिवाय एकाच रात्री मेलेले सगळे कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू घटतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. त्यांना तिथून निघून जाता येत नाही. पॉवरहेडचे तोंड त्या कोपऱ्याकडे वळवले आणि थर नळीने ओढून घेतला, तर बऱ्याचदा पुडीची गरजच राहत नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे भरमसाट घालून दोन्ही खते शून्यावर आणली तर प्रवाळ फिके पडतात, आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा बुडबुड्यांचा चिकट तपकिरी थर येऊ शकतो. तो हिरव्या केसांहून चिवट. नायट्रेट पाच ते दहा आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान राहिले की पुरे. एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी: टाकी केसांनी भरलेली असताना टेस्ट किट शून्य दाखवू शकते, कारण सगळे खत शेवाळाच्याच पोटात असते.

दर जुम्याला एका वहीत चार आकडे लिहावेत: नायट्रेट, फॉस्फेट, किती वेळा खाणे घातले, किती पाणी बदलले. पहिले तीन-चार आठवडे काहीच घडत नाहीसे वाटते आणि नेमके तेव्हाच घरात पुन्हा बाटलीचा विषय निघतो. सहाव्या-आठव्या आठवड्यात केसांचा रंग उतरतो, आधी घट्ट धरून बसलेला झुपका हलक्या ओढीनेही सुटून येतो. तेव्हाही खाणे लगेच वाढवू नये, आणखी दोन आठवडे तेच प्रमाण ठेवावे.