अंगठ्याचा असहकार

परीक्षेला विद्यार्थी घाबरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. प्राध्यापक उत्तरपत्रिकांना किती घाबरतात, हे मात्र त्यांच्या बायकांनाच विचारावे! गेल्या उन्हाळ्यात अमरावतीस मी पत्रिका तपासत होतो. बाहेर पारा ४४ अंशांवर, आत गठ्ठ्यावर गठ्ठा. पाचव्या दिवशी माझ्या उजव्या अंगठ्याने असहकार पुकारला. सदऱ्याचे बटण लागेना. घरी कपबशी हातून निसटली, तेव्हा आई म्हणाली, "निरगुडीचा पाला शेकून बांध."

पाला बांधला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गठ्ठा सोडला! अखेर डॉक्टरांनी खडसावले, "शेकाने बरे वाटेल, पण दुखवणारे कामच चालू ठेवलेत, तर शेक काय करील?" अंगठा हलवणारे दोन स्नायुरज्जू मनगटापाशी एका अरुंद म्यानातून जातात. तीच हालचाल सतत केली, की म्यान जाड होते आणि रज्जू अडखळतात. डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले. तीन आठवडे अंगठ्याला पट्टी लागली.

दुखणे नवे नाही. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७१३ सालीच लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे सांगितली होती: सतत बैठक, हाताची अखंड एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. इंग्लंडात १९०८ मध्ये तारवाल्यांच्या हाताचा पेटका नुकसानभरपाईस पात्र ठरला. आज तार गेली, संगणक आणि मोबाईल आले; मनगट मात्र तेच आहे!

दिवाळीनंतर अकोल्याजवळ मेहुण्यांच्या शेतावर गेलो. सीतादही होऊन कापसाची वेचणी सुरू झाली होती. ओटी बांधलेली एक बाई मधूनच मनगट दाबत होती. मी मोठ्या ज्ञानीपणाने म्हणालो, "बाई, हाताला विश्रांती द्या."

ती हसली. "सर, तुमच्या हाताले सुट्टी भेटते. आमचा हात थांबला, त मजुरीबी थांबते."

वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हे मी विसरलोच होतो. माझी पट्टी मला एकाएकी श्रीमंती वाटू लागली. रात्री मेहुण्यांशी बोललो. त्यांनी थोडी कुरकुर केली. पण दुसऱ्या दिवसापासून त्या बाईंना रोजाच्या पूर्ण मजुरीवर काट्यापाशी बसवले. हात निवेपर्यंत कापूस मोजून टिपून ठेवायचा. ओट्याही भरगच्च होण्याआधीच रिकाम्या होऊ लागल्या.

वाचकहो, दिवाळीच्या चकल्या पाडणारा हातही हातच आहे. सोऱ्या घरात फिरता ठेवा. लिहिताना पेन जाड घ्या, सैल धरा. अर्ध्या तासाने उठा. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटे मुंग्यांनी बधिर होत असतील, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. डॉक्टरांना लवकर दाखवा. आणि आपल्या घरी भांडी घासणारीचे मनगट दुखत असेल, तर तिला सल्ल्याबरोबर भरपगारी सुट्टीही द्या. नुसता सल्ला माझ्यासारखे प्राध्यापक देतातच!